गैरहजर नागरिकाचे गाव



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी उभी हयात मुंबईच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आणि त्यासाठी रोज बदलापूर ते मुंबई असा प्रवास केला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांच्या गुणांचे वर्णन करीत बसलो तर ते त्यांच्या स्वभावास रुचले नसते. म्हणून ज्या प्रश्नाची तळमळ त्यांना अखेरपर्यंत होती, तोच आज आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे. तो प्रश्न असा की, ज्या माणसाचा सारा दिवस मुंबईत आणि गाडीत जातो, ज्याच्या वाट्याला आपल्या गावाची केवळ रात्र आणि रविवार येतो, त्या माणसाने या गावच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत मतदान का करावे?

हे वरातीमागून घोडे आहे असे कोणास वाटेल. निवडणूक तर होऊन गेली. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचे व नगरपंचायतींचे मतदान झाले, अंबरनाथसह काही ठिकाणी ते २० डिसेंबरला झाले, २१ तारखेस निकाल लागले, आणि रस्त्यावरचा गुलालही आता धुऊन गेला. परंतु निवडणुकीच्या धामधुमीत हा प्रश्न काढला की त्याला कोणत्या ना कोणत्या पक्षाचा वास येतो, ऐकणारा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा हेतू शोधू लागतो, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. उमेदवार घरोघर फिरत नसताना, कोणाचे काही मागणे आपल्या दारात उभे नसताना, या प्रश्नाचा विचार अधिक शांतपणे होऊ शकेल, अशी माझी समजूत आहे.

आपल्या गावाची घडण थोडी आठवून पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली, पुढल्या वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला, आणि १८५६ साली तो घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस गेला, तेव्हा उल्हास नदीच्या काठी वसलेली कुळगांव आणि बदलापूर ही भातशेतीची लहान खेडी होती. मुंबईपासून ६८ किलोमीटरवरचे हे गाव चाकरमान्यांचे गाव होण्यास त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली. पण एकदा ते तसे होऊ लागल्यावर मात्र ज्या वेगाने झाले त्याला तोड नाही. गिरगाव, परळ आणि लालबागच्या चाळींतील एका खोलीत दोन पिढ्या मावेनाशा झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कित्येक कुटुंबांचा मुंबईतील आधारच तुटला. डोंबिवलीची घरे महागली. आणि माणसे गाडीच्या शेवटच्या थांब्याकडे सरकत सरकत इथवर आली. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली कुळगांव-बदलापूरची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरची वाढ तर आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत. मध्यंतरी कल्याण महानगरपालिकेच्या हद्दीत घातलेले हे गाव १९९२ च्या सुमारास तीतून बाहेर पडले आणि आपला कारभार आपण पाहू लागले, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण स्वतंत्र कारभार मागून घ्यावयाचा आणि तो चालवण्याच्या दिवशी घरी राहावयाचे, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

आता या गावचा दिवस कसा उजाडतो ते पाहा. पहाटे पाचपासून फलाटावर माणसे उभी असतात, आणि साडेआठ-नऊपर्यंत गावातील कमावत्या स्त्रीपुरुषांचा फार मोठा भाग गाडीत चढून निघून गेलेला असतो. त्यानंतर नगरपरिषदेचा दिवस सुरू होतो. घंटागाडी आळीत येते तेव्हा नवराबायको दोघेही नोकरीवर असलेल्या घराला कुलूप असते. म्हणून त्या घरातील कचऱ्याची पिशवी पहाटेच कोपऱ्यावर ठेवली जाते, कुत्री ती फाडतात, आणि मग चाकरमान्यांच्या बेशिस्तीबद्दल बोलले जाते. पाणी ज्या भागात दुपारी सुटते त्या भागातील कुलूपबंद घराने टाकी भरून घेण्याची व्यवस्था कशी करावयाची, हे ज्याचे त्याने पाहावे अशी रीत पडली आहे. घरपट्टी आता घरबसल्या भरता येते हे खरे. पण चतुर्वार्षिक आकारणीत ती का वाढली, इमारतीचे वर्ष आणि क्षेत्रफळ दप्तरात चुकीचे तर पडले नाही ना, याची खातरजमा करावयाची तर कचेरीच्या वेळात त्या टेबलापुढे उभे राहावे लागते, आणि त्यासाठी रजा टाकावी लागते. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा भरते ती कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. रात्री साडेनऊच्या गाडीने उतरणारी बाई पुलावरून खाली येते तेव्हा स्थानकाबाहेरचा दिवा बंद आहे की चालू, रिक्षाचा थांबा कोठे आहे, पदपथ मोकळा आहे की त्यावर दुकाने आली आहेत, या गोष्टी तिच्या दृष्टीने त्या दिवसातील सर्वांत महत्त्वाच्या असतात. पण ज्यांनी त्यांचा बंदोबस्त करावयाचा त्यांची कचेरी तेव्हा केव्हाच बंद झालेली असते.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. कोणतीही सार्वजनिक संस्था जे समोर दिसतात त्यांच्या सोयीने चालू लागते, हा तिचा स्वभावधर्म आहे. नगरसेवकाला सकाळी अकरा वाजता जे भेटतात ते जमीनमालक असतात, बांधकाम करणारे असतात, ठेकेदार असतात, दुकानदार असतात, रिक्षा संघटनेचे लोक असतात; त्या सर्वांची कामे रास्त असू शकतात आणि ती करून घेण्याचा त्यांना अधिकारही आहे. फक्त इतकेच की, जो तेव्हा कुर्ल्याच्या किंवा नरिमन पॉइंटच्या कचेरीत बसलेला आहे, त्याची बाजू त्या दालनात मांडली जात नाही, आणि ती मांडली जात नाही याची कोणास जाणीवही होत नाही. त्याच्या गैरहजेरीत गावाचे वेळापत्रक ठरते, नकाशा ठरतो, अंदाजपत्रक ठरते. आणि तो रात्री परत येतो तो दुसऱ्यांनी आपल्या सोयीने मांडून ठेवलेल्या गावात.

मला वेळ नाही, असे जेव्हा हा माणूस म्हणतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो. त्याच्या त्या वाक्याचा उपहास करणाऱ्यांपैकी मी नाही. उलट, माझा सारा युक्तिवाद त्या वाक्यावरच उभा आहे. गावच्या कारभारावर आपला प्रभाव पाडण्याची जितकी साधने कायद्याने दिलेली आहेत, त्यांपैकी बहुतेक सर्व दिवसाढवळ्या वेळ मागणारी आहेत: अर्ज करावा तर खेटे घालावे लागतात, हरकत घ्यावी तर सुनावणीस जावे लागते, सभेत काय चालते ते पाहावे तर कामाचा दिवस बुडवावा लागतो, आणि मुख्याधिकाऱ्यांस भेटावे तर बाहेर बाकावर बसून राहावे लागते. या सर्व साधनांत एकच असे आहे की जे पाच वर्षांतून एकदा, अर्ध्यापाऊण तासाचा वेळ मागते आणि त्या बदल्यात गावात हजर असलेल्या माणसाइतकेच वजन गैरहजर माणसाला देते. ज्याला भरपूर फुरसत आहे त्याने एक वेळ मतदान केले नाही तरी त्याच्या हाती बाकीची साधने शिल्लक राहतात. ज्याला फुरसत नाही त्याच्यापाशी हेच एक साधन आहे, आणि तेच तो सोडून देतो.

कोणी म्हणेल की लहानशा गावच्या सभागृहाच्या हाती असते तरी काय? या समजुतीचे मूळ आपल्या शिक्षणात आहे, असे मला वाटते. कारण लोकसभेची रचना आपण शाळेत पाठ करतो आणि नगरपरिषदेची कधी वाचीतही नाही. १९६५ चा महाराष्ट्राचा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम आणि १ जून १९९३ पासून अंमलात आलेली ७४ वी घटनादुरुस्ती यांनी या संस्थांना जे क्षेत्र दिले आहे ते उघडून पाहावे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत १८ बाबी आहेत, आणि नगररचना, जमिनीच्या वापराचे नियमन, रस्ते, पाणी, सफाई, अग्निशमन, बागा, रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे येथपासून जन्ममृत्यूच्या नोंदी आणि स्मशानभूमी येथपर्यंत त्यांची व्याप्ती आहे. या सर्वच बाबींचे पुरते अधिकार आणि पैसा शासनाने खाली सोडलेला नाही, हे मान्य आहे. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेल्यापासून तर त्यांची तिजोरी फार मोठ्या प्रमाणात शासकीय अनुदानावर अवलंबून राहू लागली आहे. आणि आपल्या गावात पाणी जीवन प्राधिकरणाचे, स्थानक रेल्वेचे, नदी पाटबंधारे खात्याची, अशी वाटणी आहे. तरीही, किंबहुना त्यामुळेच, या निरनिराळ्या खात्यांच्या दारी जाऊन गावाची बाजू सातत्याने मांडणारे निवडून दिलेले कोणी तरी असावे लागते, आणि ते कोण असावे हे ठरवण्याची जागा मतदान-केंद्र हीच आहे.

या साऱ्या बाबींत मी एका बाबीपाशी थोडा अधिक थांबणार आहे, कारण चाकरमान्याच्या आयुष्याशी तिचा संबंध सर्वांत जवळचा असून त्याच्या ध्यानात ती सर्वांत कमी येते. ती म्हणजे विकास योजना. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये शहराचा नकाशा तयार होतो, त्यावर शाळा, दवाखाना, क्रीडांगण, बाग, मंडई, रस्ता यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात, योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, आणि ठरावीक मुदतीत नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात असे जाहीर केले जाते. ही जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्याने ती वाचावी अशी अपेक्षा धरणे अवघड आहे. पुढे योजना मंजूर होते. त्यानंतर दहा वर्षे लोटली आणि नगरपरिषदेने आरक्षित जागा संपादन केली नाही, तर त्या अधिनियमाच्या १२७ व्या कलमाप्रमाणे जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या विहित मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत तर ते आरक्षण व्यपगत होते. जमीनमालकाच्या बाजूने पाहता ही तरतूद न्यायाची आहे; कोणाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणास असू नये. पण तिचा दुसरा अर्थ असा होतो की, नगरपरिषदेच्या सभागृहाने केवळ काही न करता बसून राहावे, अंदाजपत्रकात संपादनासाठी रक्कम धरू नये, नोटीस दप्तरात पडू द्यावी, आणि एके दिवशी ज्या जागेवर आपल्या मुलांचे मैदान व्हावयाचे होते त्या जागेवर सात मजली इमारत सर्वस्वी कायदेशीर रीतीने उभी राहावी. या सबंध व्यवहारात कोठेही गैरप्रकार झालेला नसतो. झालेले असते ते एवढेच की, त्या दहा वर्षांत मैदानाची आठवण देणारे कोणी सभागृहात नव्हते. ज्या कुटुंबाने वीस-वीस वर्षांचे कर्ज काढून येथे घर घेतले आहे, त्याचे हित नेमके या दहा-वीस वर्षांच्या हिशेबात आहे. आणि नगरसेवकावर ज्यांचा रोजचा दाब असतो त्यांचे हिशेब बहुधा त्याहून आखूड मुदतीचे असतात. एवढ्याचसाठी गावच्या दूरच्या हिताचा खरा राखणदार हा दिवसभर बाहेर असलेला माणूसच आहे, असे मी म्हणतो.

पूररेषेची गोष्ट याहून गंभीर आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, हजारांहून अधिक प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले, आणि ते दृश्य देशाने पाहिले. पण त्याच पाण्याने गावातील नदीकाठच्या वसाहतींत तळमजल्यावरील संसार भिजवले, ते देशाने पाहिले नाही. नदीच्या काठी निळी आणि लाल अशा दोन रेषा आखल्या जातात; साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल ती लाल. या रेषा पाटबंधारे खाते आखते, हे खरे. परंतु त्या आखल्या जाईपर्यंत किती इमारतींस बांधकाम परवाना मिळाला, ओढे आणि नाले बुजवून त्यांवर भराव कोणी घातला, आणि भोगवटा दाखला कोणी दिला, हे प्रश्न नगरपरिषदेच्या दारातच येतात. चाकरमानी माणूस कचेरीत असतो, गाड्या बंद झालेल्या असतात, घरी म्हातारी आई आणि शाळेतून लवकर सोडलेली मुले असतात, आणि पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलेले असते. ज्याला त्या घटकेस घरी पोहोचता येणार नाही, त्याने आपले घर कोणाच्या भरवशावर सोडलेले आहे याचा विचार आधी करावयास हवा.

या संस्थांना आपण क्षुल्लक समजतो; पण महाराष्ट्राच्या इतिहासाने त्यांना तसे समजलेले नाही. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला, तेव्हा लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे हा हेतू त्यात स्पष्ट होता. त्याच्याही आधी, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्यास एकट्याने विरोध केला; त्यांचे म्हणणे, तो पैसा शिक्षणाकडे लावावा. परंतु ज्याला लहान गावच्या नगरपालिकेची ताकद पाहावयाची आहे त्याने महाडकडे पाहावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करावेत असे ठरले. पण पाणवठे कौन्सिलाच्या ताब्यात थोडेच होते? ते गावोगावच्या नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताब्यात होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, तो अंमलात आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला महाडच्या नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. पुढे वाद कोर्टात गेला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. एका लहानशा गावच्या सभागृहात बसलेल्या मूठभर सभासदांनी हात वर केले की हजारो माणसांना पाण्याचा हक्क निदान कागदावर मिळत होता आणि हात वर केले की तो जात होता. त्या सभासदांना निवडून देण्याचा अधिकार तेव्हा कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरता मर्यादित होता; ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता त्यांच्यापैकी बहुतेकांस मतच नव्हते. आज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास ते आहे, आणि २०११ पासून सभागृहातील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखलेल्या आहेत. हा अधिकार केवढ्या झगड्यानंतर सर्वांच्या हाती आला, याचे स्मरण ठेवले तर तो वापरण्याविषयीची आपली उदासीनता मला दुःखाची वाटते, आणि ते दुःख मी लपवू इच्छीत नाही.

आता चाकरमान्याच्या दोन-तीन हरकतींचा विचार करू. पहिली हरकत तो उघडपणे बोलत नाही, पण तिचे बळ फार आहे. त्याला वाटते की आपण येथले नव्हेच. त्याचे मूळ घर कोकणात किंवा घाटावर असते, गणपतीला आणि शिमग्याला तो तेथे जातो, आणि त्याचे नाव तेथल्याच किंवा गिरगावातील जुन्या पत्त्याच्या मतदार यादीत राहून गेलेले असते. गावच्या घराविषयीच्या या मायेला मी कधीही नावे ठेवणार नाही. परंतु कायदा मतदाराचे नाव तो सामान्यतः जेथे राहतो तेथे आणि एकाच ठिकाणी असावे असे सांगतो, आणि त्यात शहाणपण आहे. जेथे आपली मुले शाळेत जातात, जेथे आपण पाणी भरतो आणि घरपट्टी देतो, तेथील कारभारावर आपला हक्क असावयाचा. नगरपरिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरून, एका ठरावीक तारखेच्या स्थितीप्रमाणे, प्रभागवार फोडून केली जाते. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. ज्याला डिसेंबरात मतदानाची इच्छा झाली पण ज्याचे नाव जुलैत यादीत नव्हते, त्याच्यापुढे उपाय उरलेला नव्हता.

दुसरी हरकत, आपल्या एका मताने काय होणार ही. लोकसभेच्या मतदारसंघात लाखोंच्या मतांत एक मत दिसेनासे होते हे मान्य केले, तरी प्रभागाची गोष्ट निराळी आहे. तेथे मतदार काही हजार, मतदान त्याच्याही आत, उमेदवार अनेक, आणि हार-जीतीतील अंतर पुष्कळदा एखाद्या मोठ्या गृहसंकुलातील मतदारांच्या संख्येइतकेही नसते. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत, ज्या गिरगावातून आपल्यापैकी कित्येकांची घराणी इकडे आली त्याच गिरगावातील २२० क्रमांकाच्या प्रभागात, दोन उमेदवारांना सारखी मते पडली आणि अखेर चिठ्ठी काढून निकाल द्यावा लागला. त्या दिवशी त्या प्रभागातील जे कोणी मतदार घरी बसले होते, त्यांतल्या एकानेही केंद्रापर्यंत चालत जाण्याचे मनावर घेतले असते तर पाच वर्षांचा प्रतिनिधी चिठ्ठीने ठरला नसता. त्यातून आपल्याकडे एकाच फेरीत मतदार नगराध्यक्षही थेट निवडतो आणि बहुतेक प्रभागांत दोन जागांवरचे सदस्यही. म्हणजे एका माणसाच्या हाती बहुधा तीन मते असतात.

तिसरी हरकत मला सर्वांत विचारार्ह वाटते. लोक म्हणतात की, एप्रिल २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० साली संपली, त्यानंतर आधी साथीमुळे आणि मग इतर मागास प्रवर्गाच्या आरक्षणाच्या वादामुळे निवडणूक लांबत गेली, पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला, आणि तरी गाव चालतच होते. मग सभागृह असले काय आणि नसले काय? घटनेने या संस्थांची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नव्हे, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी अशी बांधली असताना ती सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतरच मार्गी लागावी, ही गोष्ट लोकशाहीला भूषणावह नव्हे. पण त्या काळात गाव चालत होते म्हणजे काय होत होते, ते पाहावे. ठराव होत होते, पण त्यांवर चर्चा होत नव्हती. खर्च मंजूर होत होता, पण तो का आणि कोणत्या प्रभागात, असे भर सभेत विचारण्याचा अधिकार असलेला एकही माणूस उरलेला नव्हता. एक अधिकारी कितीही कर्तव्यदक्ष असला तरी तो बदलीने येतो आणि बदलीने जातो, आणि त्याला मत देऊन घरी पाठवण्याची सोय नसते. इतक्या वर्षांच्या खंडानंतर जेव्हा मतपेटी समोर आली, तेव्हा तरी चाकरमान्याने ती पहिल्या गाडीइतकीच निकडीची मानावयास हवी होती.

येथे मला मतदाराची बाजू घेऊन एक तक्रारही केली पाहिजे. २ डिसेंबर हा मंगळवार होता, आणि मतदानाची वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच अशी ठेवलेली होती. जो सहा-साडेसहाच्या गाडीने जातो आणि रात्री आठ-नऊला परततो, त्याच्या दिवसाच्या आत ही वेळ पुरती सामावून जाते. मतदान-क्षेत्रात सुट्टी जाहीर होते, आणि क्षेत्राबाहेर नोकरी करणाऱ्या मतदारासही सुट्टी किंवा काही तासांची सवलत मिळावी असे शासनाचे आदेशही असतात. परंतु ज्या मुंबईत त्या दिवशी निवडणूकच नाही, तेथील खाजगी कचेरीतल्या वरिष्ठापुढे जाऊन, आमच्या गावात आज मतदान आहे, असे सांगणे किती जणांस जमते? ज्यांची रोजी हजेरीवर आहे, त्यांना तर तेही शक्य नाही. मुंबईच्या परिसरातील नगरपरिषदांचे मतदान रविवारी ठेवावे, किंवा ते रात्री आठपर्यंत चालू राहावे, अशी मागणी प्रवाशांच्या संघटनांनी राज्य निवडणूक आयोगाकडे लेखी करावयास हवी, आणि ती पुढल्या निवडणुकीच्या तोंडावर न करता आत्ता करावयास हवी. ती मान्य होईपर्यंत मात्र त्या एका दिवशी सकाळी साडेसात वाजता रांगेत उभे राहून दोन गाड्या सोडणे, एवढा उपाय बहुतेकांच्या हाती आहे, आणि तेवढा त्यांनी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि हे काम ज्यांना अवघड वाटते त्यांना मी त्यांच्याच डब्याची आठवण करून देईन. वर्षानुवर्षे एकाच गाडीच्या एकाच डब्यात भेटणारी मंडळी, भजने म्हणणारी, दसऱ्याला डबा सजवून पूजा करणारी, एखाद्याला चक्कर आली तर त्याला घरापर्यंत पोहोचवणारी, एखादा सोबती दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी चौकशी करणारी, यांच्यापाशी संघटनेची जी शक्ती आहे ती गावातल्या कोणत्याही मंडळापाशी नाही. या मंडळींनी ठरवले तर एका डब्यातील प्रत्येकाचे नाव कोणत्या यादीत आहे हे आठवड्याभरात कळेल, ज्यांची नावे राहिली आहेत त्यांचे अर्ज भरले जातील, आणि नव्या सभागृहाकडे तीन गोष्टी मागता येतील: सर्वसाधारण सभा शनिवारी किंवा सायंकाळी भरावी, ज्या आळ्यांत दिवसा कुलपे असतात तेथे घंटागाडीची एक फेरी रात्री आठनंतर व्हावी, आणि कर आकारणीवरील तसेच विकास योजनेवरील हरकतींची सुनावणी रविवारी ठेवावी. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. ज्या उमेदवाराला ठाऊक आहे की साडेसहाच्या गाडीचे लोक मतदान करतात, तो या मागण्या ऐकेल. ज्याला ठाऊक आहे की ते करीत नाहीत, तो त्या कशासाठी ऐकेल?

शेवटी, हे व्याख्यान ठेवणाऱ्या या वाचनालयाच्या चालकांकडे मला एक मागणे आहे. मंजूर विकास योजनेचा नकाशा, आरक्षित जागांची यादी आणि प्रत्येक आरक्षणाची दहा वर्षांची मुदत केव्हा पुरी होते त्याची तारीख, नगरपरिषदेचे चालू अंदाजपत्रक, आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, एवढे कागद माहितीच्या अधिकारात मिळवून त्यांच्या प्रती आपण वाचन-कक्षातील एका टेबलावर ठेवाव्या, आणि तो कक्ष रविवारी दिवसभर उघडा राहावा. त्यासाठी जो खर्च येईल त्यात या व्याख्यानाचे मला देऊ केलेले मानधन जमा करावे.